पाणी कुणाला, हाही इंजिनिअरिंगचाच प्रश्न

हडपसरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत. पण कॅम्पस प्लेसमेंटला बसायचं नाही म्हणते. गोरगरिबांच्या उपयोगी पडेल आणि माती-पाण्याची नासाडी करणार नाही, अशा तंत्रज्ञानात तिला काम करायचंय. वडील स्वतः पंचवीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये आहेत. ते विचारतात, "समाजसेवाच करायची होती, तर इंजिनिअरिंगसाठी कर्ज कशाला काढायला लावलं?"

नमस्कार.

तुमचा राग मला समजतो. हप्ता तुमच्या पगारातून जाणार आहे. पण मुलगी इंजिनिअरिंग सोडायचं म्हणतच नाहीये. ती जे म्हणतेय त्याला नेहमीपेक्षा जास्तच इंजिनिअरिंग लागतं, आणि याचं उत्तम उदाहरण तुमच्या घरापासून दिवे घाट चढून गेलात की पुरंदरात सापडतं.

विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार होते. १९७२च्या दुष्काळात पुरंदरची दशा बघून ते अस्वस्थ झाले आणि नायगावला देवळाची ४० एकर जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग सुरू केले. बांध, विहीर, पंप, पाइप. यात नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते पाणी वाटण्याचं गणित. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसांच्या मापाने द्यायचं : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांचाही त्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. हीच पाणी पंचायत. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ऊस नको हा नियम नुसता सद्भावनेतून आलेला नाही. विहिरीत पाणी किती आणि कोणतं पीक किती पितं, याचा हिशेब मांडल्याशिवाय तो करताच आला नसता. तोच पंप नियमाविना बसवला असता, तर ज्याची जमीन मोठी त्याचाच ऊस वाढला असता.

मुलीला हे जरूर सांगा, कारण या वाटेवर निघालेली मुलं एक चूक हमखास करतात. ती आधी यंत्र बनवतात आणि मग ते कुणाला देता येईल हे शोधत फिरतात. माझ्याकडे एक विद्यार्थी कचरा वेगळा करणाऱ्या यंत्राचा आराखडा घेऊन आला होता. हुशार मुलगा, आराखडाही नीटनेटका. मी त्याला ‘स्वच्छ’बद्दल विचारलं. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची ही सहकारी संस्था २००८ साली उभी राहिली, आणि तिच्यामागे १९९३पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. तिथल्या बायकांची कमाई घरटी मिळणाऱ्या शुल्कावर आणि वेगळं काढलेलं भंगार विकण्यावर चालते. "तुझं यंत्र भंगार काढून घेणार, मग त्या बाईच्या हातात काय उरणार?" मुलगा गप्प झाला. हा प्रश्न त्याला चार वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. मला तो प्रश्न डिझाइनच्या पहिल्या पानावर हवा असतो.

आता पोटापाण्याचं. पहिली काही वर्षं तिचा पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमी असेल, यात मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. कर्जाचा भार फार असेल तर दोन-तीन वर्षं चांगल्या कारखान्यात काढून मग इकडे वळणं यात कमीपणा काहीच नाही. शॉप फ्लोअर माहीत असलेला इंजिनिअर या क्षेत्राला हवाच असतो.

थेट शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ हे केंद्र आहे, १९८५पासूनचं. तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं, आणि त्यात गावात राहून केलेलं कामही अभ्यासक्रमाचाच भाग असतं. प्रवेश गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून होतो. गेट तिसऱ्या वर्षाला असतानाही देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, म्हणून फॉर्म निघाला की तिने तो भरून टाकावा. परीक्षा फेब्रुवारीत असते. त्याने प्लेसमेंटचं दार बंद होत नाही.

पुण्यातच ‘प्रयास’ या संस्थेचा ऊर्जा गट आहे. विजेचे दर कसे ठरतात, त्याचा बोजा कुणावर पडतो, हे आकड्यांनिशी मांडणं हे तिथलं काम. तिला कागदावरचं काम आवडत असेल तरच तिकडे बघावं.

पण मला विचाराल तर आधी पाबळ. शिक्रापूरवरून आत गेलं की विज्ञान आश्रम लागतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली तिथे गेले आणि शाळेत न रमलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती असं हातांनी करत विज्ञान शिकवू लागले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवून बघायच्या कार्यशाळांपैकी) एक २००२मध्ये याच खेड्यात आली. सुट्टीत तिथे इंटर्नशिप मिळते का, हे तिने स्वतः फोन करून विचारावं, तुम्ही नको.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिने विकत घेऊ नये. त्याऐवजी तुमच्याच गल्लीत सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंसोबत आठवडाभर फिरावं. ढकलगाडीचा दांडा कुठल्या उंचीवर आहे, चढावर जोर कुठे लागतो, भरलेली पोती उचलताना पाठ किती वाकते, हे मोजावं. ताईंना काय बदलून हवंय ते विचारावं आणि त्यांनी नको म्हटलेलं काही करू नये. गाडी बनवताना चाकाला कोणतं बेअरिंग घालावं, वेल्ड कुठे सुटेल, हे कॉलेजातल्या सरांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असणार. रविवारी तिच्याबरोबर बसून तो आराखडा एकदा पाहाल का?