आकडा घालून बघ

प्रिय मित्रा,

'समीकरणं सोडून फक्त भाषा तपासली तर चालेल का?' हा तुझा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाहीये. तू ज्याची मुद्रितं तपासतोयस त्या पुस्तकाच्या लेखकाने समासात लाल शाईने 'माझ्या समीकरणांना हात लावू नका' असं लिहिलं, ते तुला लागलं. पण वजाचिन्हाला तू चुकून पडलेला हायफन समजलास आणि न विचारता उडवलंस. तो चिडला यात त्याचं काय चुकलं? त्यावर तू काढलेला तोडगा तर मला अजिबात मान्य नाही. समीकरण हा वाक्याचाच भाग असतो. बरोबरचं चिन्ह हे तिथलं क्रियापद. क्रियापद सोडून वाक्य कसं तपासणार आहेस?

माझंच सांगतो. एका हस्तलिखितात 'हे फल सर्वत्र शून्य नाही' असं वाक्य होतं (फल म्हणजे फंक्शन, एक संख्या घातली की दुसरी देणारा नियम). कानाला खटकलं म्हणून मी केलं, 'हे फल कुठेही शून्य नाही.' लेखकाने प्रुफं घाईत पाहिली आणि पुस्तक तसंच छापलं गेलं. आता क्ष-वर्ग हे फल घे. क्षच्या जागी १ घाल, उत्तर १. म्हणजे ते सर्वत्र शून्य नाही, हे खरं. ० घाल, उत्तर ०. म्हणजे 'कुठेही शून्य नाही' हे साफ खोटं. मी एक शब्द बदलला आणि विधानच खोटं झालं. दोन आकडे घालून बघायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पुस्तकावर नाव लेखकाचं, बोलणीही त्यानेच खाल्ली. ते अजून सलतं.

म्हणून आकडा घालून बघ. दहा वेळा वाचलंस तरी त्याची भरपाई होत नाही. इंग्रज हौशी गणिती विल्यम शँक्स यांनी पाय (π) या संख्येची ७०७ दशांश स्थळं हाताने काढली, १८७३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ५२८व्या स्थळी चूक होती, तिथून पुढचं सगळं वाया. ती सापडली १९४०च्या दशकात, डी. एफ. फर्ग्युसन यांनी वेगळ्या सूत्राने गणित नव्याने मांडलं तेव्हा. मधली सत्तर वर्षं ते आकडे लोकांच्या डोळ्यांसमोरच होते.

फाइल एका प्रणालीतून दुसरीत जाताना दहाचा सहावा घात (१०⁶) सपाट होऊन १०६ होतो. डोळ्याला ते 'एकशे सहा' अगदी सभ्य दिसतं. फॉन्ट बदलला की 'म्यू'च्या (µ) जागी 'एम' येतो आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. औषधाच्या मात्रेत हजारपट! शुद्धलेखनाचा कुठलाही नियम इथे तुला वाचवणार नाही.

आणि कृपा करून पुनरुक्ती टाळायला 'चाल'च्या जागी 'वेग' घालू नकोस. धावपटूने ४०० मीटरची एक फेरी ८० सेकंदांत पुरी केली, तर सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर, आणि सरासरी वेग शून्य, कारण वेगात दिशाही धरतात आणि तो निघाला तिथेच परत आला. विज्ञानाच्या मजकुरात तोच शब्द वीस वेळा आला तर वीस वेळा येऊ दे.

आकडा जुळला नाही, तरी दुरुस्ती करायची नाही. समासात पेन्सिलीने लिही, 'क्ष = ० घेतल्यास डावीकडे १ येतो, उजवीकडे ०. माझं कुठे चुकतंय का?' अशा शंकेवर माझ्यावर कुणी चिडल्याचं आठवत नाही. माझीच चूक निघाली तेव्हाही लेखकांनी नीट समजावून सांगितलं, आणि माझं बरंचसं गणित मी तसंच शिकलो.

वेळ कुठून आणू, असंही विचारलंयस. माझी पानं नेहमीच इतरांपेक्षा कमी व्हायची. 'संथ' म्हणून ऐकून घेतलं, दोनदा काम हातचं गेलं. तरी त्या एका वाक्यानंतर आकडा न घालता समीकरण पुढे पाठवलेलं नाही. हट्टीपणा म्हण हवं तर. मला तो बरोबरच वाटतो, आज कुणी वेगाचं कारण पुढे केलं तर मी पुन्हा भांडेन.

पुस्तकाचं ते प्रकरण अजून तुझ्याकडेच आहे ना? मग परत करण्याआधी तू उडवलेलं वजाचिन्ह जागेवर ठेव. त्या सूत्रात नच्या जागी आधी १ घाल, मग २. दोन्ही उत्तरं मला कळव.

तुझा,
एक जुना मुद्रितशोधक