लॉक धरून केमॅलॉक केलं की कर्नल गोठतो, मग सगळीकडे जीएफपी अ‍ॅटॉमिक टाकायचं का?

नको, तसं करू नका. तुम्ही लिहिलंय की तुमच्या फाइलसिस्टम मॉड्यूलमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं लॉक) धरून केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) केलं की मेमरी कमी असताना सिस्टम गोठते, आणि कुणीतरी अ‍ॅटॉमिक करा म्हणून सांगितलं. हा जीएफपी फ्लॅग, म्हणजे मेमरी कशी मिळवायची ते केमॅलॉकला सांगणारी खूण. त्यानं गोठायचं कदाचित थांबेल, पण अ‍ॅटॉमिक म्हणजे न झोपता राखीव साठ्यात हात घालणं, तो साठा इंटरप्टमधल्या नेटवर्क पॅकेटांसारख्यांना लागतो, आणि तो संपला की तुमचं केमॅलॉक नल देणार, म्हणजे मेमरी मिळणारच नाही, मग ऐन लिहिताना काय करणार?

मी बेळगावचा. उद्यमबागेत एका कारखान्यात मशीनचा डेटा साठवायला लिनक्सचा बोर्ड बसवला होता, रॅम २५६ एमबी, मॉड्यूल मीच लिहिलेलं. दिवसभर नीट चालायचा आणि रात्रपाळीला लिहिणं वाढलं की गप्प. सिरियल केबल लावून बसलो, पहाटे ती ओळ आली, टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलाय, आणि खाली स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं त्याची यादी. खालून वर वाचत गेलो, राइट, माझं फंक्शन, केमॅलॉक, डायरेक्ट रिक्लेम (मागणाऱ्यालाच मेमरी मोकळी करायला लावणं), इनोड कॅशचा श्रिंकर (मेमरीतल्या फाइलींच्या नोंदी कमी करणारा), परत माझंच इनोड काढायचं फंक्शन आणि सगळ्यात वर म्यूटेक्स लॉक. तोच म्यूटेक्स जो माझ्या पहिल्या फंक्शननं आधीच धरलेला!

निपाणीकडं तंबाखूच्या वखारी आहेत बघा, तशी एक वखार गच्च भरलीय समजा. वहीत नोंद झाल्याशिवाय आतलं पोतं बाहेर जात नाही, आणि वही ज्याच्या हातात आहे तोच नवीन पोतं घेऊन दारात जागा व्हायची वाट बघत उभा.

जीएफपी कर्नल म्हणजे तुम्ही कर्नलला सांगता की झोपलं तरी चालेल, डिस्कवर लिहिलं तरी चालेल, फाइलसिस्टममध्ये शिरलं तरी चालेल. मेमरी कमी पडली की आधी केस्वॅपडी (मेमरी मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड) उठतो, त्यानं भागलं नाही तर जो मागतोय त्याच्याच थ्रेडला जागा करायला लावतात. म्हणून नियम एवढाच, रिक्लेमला जो लॉक लागू शकतो तो धरून फाइलसिस्टममध्ये शिरायची परवानगी द्यायची नाही. जमत असेल तर लॉक घ्यायच्या आधीच मेमरी घेऊन ठेवा, हे सगळ्यात चांगलं.

नाही जमलं तर जीएफपी नोएफएस आहे (फाइलसिस्टममध्ये शिरू नको), ब्लॉक ड्रायव्हर असेल तर नोआयओ (डिस्कवरही लिहू नको). पण प्रत्येक कॉलला फ्लॅग चिकटवत बसू नका, मी आधी तेच केलं आणि आत दुसऱ्याच लायब्ररी फंक्शनमधलं एक केमॅलॉक राहून गेलं. २०१७ च्या ४.१२ कर्नलपासून मेमॅलॉक_नोएफएस_सेव्ह आणि रिस्टोअर आहेत, लॉक घेताना सेव्ह, सोडताना रिस्टोअर, खूण त्या टास्कवरच राहते त्यामुळं मधे कुणीही मेमरी मागितली तरी नोएफएसच लागू होतं. वीमॅलॉकला (मोठी मेमरी मागायचं फंक्शन) तर जुन्या कर्नलांत फ्लॅग देऊन उपयोगच नव्हता, पेज टेबलसाठी ते आत स्वतःच जीएफपी कर्नल वापरायचं. आणि सेव्हच्या शेजारी कॉमेंट लिहा की कुठल्या लॉकसाठी हे केलंय, नाहीतर दोन वर्षांनी काढायची कुणाची हिंमत होत नाही.

श्रिंकर तुमचा स्वतःचा असेल तर त्यात ट्रायलॉक करा, म्हणजे वाट न बघता लॉक मागून बघा, नाही मिळाला तर श्रिंक_स्टॉप परत द्या. राइटबॅकच्या (मेमरीतला डेटा डिस्कवर लिहिण्याच्या) वाटेवर वर्कक्यू (वर्कर थ्रेडांकडून कामं करून घेणारी रांग) असेल तर डब्ल्यूक्यू_मेम_रिक्लेम लावा, कारण नवीन वर्कर थ्रेड बनवायलाच मेमरी लागते, या फ्लॅगनं एक रेस्क्यूअर थ्रेड आधीच बनवून ठेवला जातो. त्याच वाटेवरच्या छोट्या स्ट्रक्चरांसाठी मेमपूल, म्हणजे आधीच राखून ठेवलेली मेमरी.

आता तुमच्याकडं आज रात्री करायचं काम म्हणजे प्रूव्ह_लॉकिंग (लॉकडेप हा लॉक तपासणारा भाग चालू करणारा पर्याय) चालू करून कर्नल बिल्ड करा, कमी रॅमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये मॉड्यूल घाला आणि भरपूर फाइली बनवून मेमरी भरू द्या. लॉकडेपच्या वॉर्निंगमध्ये एफएस_रिक्लेम आणि तुमच्या म्यूटेक्सचं नाव एकत्र दिसलं तर हाच प्रकार आहे, तो स्टॅक इथं टाका, मी बघतो.