आधी पुठ्ठा काप, मग डॅशबोर्ड

गाडीच्या डॅशबोर्डवर टॅब बसवायचा असेल, तर आधी टॅबच्या मापाचा पुठ्ठा कापून तिथे चिकटव आणि आठवडाभर गाडी चालव. गिअर टाकताना हात अडतो का, एसीचा झोत झाकला जातो का, ते आपोआप कळेल.

खरी मेख विजेत आहे. गाडीची लाइन नावाला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना ती १४ च्या आसपास असते. म्हणून ती टॅबसाठी ५ व्होल्टवर उतरवणारा, ३ अँपिअरचा चांगला कन्व्हर्टर घे, चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या वायरवर जोड, आणि फ्यूज विसरू नकोस. मी टॅब आणि अँप्लिफायरची अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडायची वायर) वेगवेगळ्या जागी केली होती. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी चढायची!

टॅब कायमचा चिकटवू मात्र नकोस. उन्हात तापून बॅटरी फुगते. माझ्या पहिल्या टॅबची काच कडेने उचलली गेली होती.