गाडीचं विचारा: मीठ, खडी आणि बोनेटवरचे टवके

प्रश्न: नमस्कार, आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून कॅनडात मिसिसागाला आलो आणि गडद निळी नवी गाडी घेतली. डीलर म्हणतोय सिरॅमिक कोटिंग करा, गंज थांबवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवा, अख्खं पॅकेजच घ्या. शेजारचे काका म्हणतात काही नको, नुसती धूत जा. त्यात हायवेवर एकाच हिवाळ्यात बोनेटवर बारीक पांढरे ठिपके पडलेत. बर्फ वितळावं म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते खरंच रंग खातं का?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर: धड असलेल्या रंगाला मीठ फारसं काही करत नाही हो, ते खातं पत्र्याला. पण पत्र्यापर्यंत वाट करून देते ती खडी. पत्र्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग, वरचा पारदर्शक क्लिअर कोट असं सगळं मिळून जेमतेम 100 ते 150 मायक्रॉन असतं, म्हणजे एखाद्या कागदाएवढं, आणि पुढच्या ट्रकच्या टायरमधून उडालेला खडा शंभरच्या स्पीडला आपटला की टवका उडणारच. म्हणून आधी ते ठिपके बघा. पांढरट किंवा राखाडी असतील तर बहुतेक प्रायमर दिसतोय, थोडा वेळ आहे. तपकिरी कड दिसली तर गंज धरलाय, तो घासून काढल्याशिवाय वरून रंग लावू नका, आत पसरत राहतो. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवर असतो, त्या कोडची टचअप बाटली घ्या, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पातळ पातळ दोन-तीन थर द्या, एकदम थेंब सोडू नका. कडाक्याच्या थंडीत रंग नीट वाळत नाही, तोवर जागा धुऊन कोरडी करून वर वॅक्स लावून ठेवा, तात्पुरतं चालतं.

आता पॅकेज. सिरॅमिकने गाडी चकाकते, धुवायला सोपी जाते, पण तो थर इतका पातळ असतो की खडी अडवायची त्याची ताकदच नाही. खडी अडवते पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड. अख्ख्या गाडीला लावली तर खिसा रिकामा होईल, ते नको, पुढचा बंपर, बोनेट, आरसे आणि चाकांच्या मागे दाराखालची पट्टी एवढं केलं तरी खूप झालं. लावायच्या आधी टवके भरून घ्या. ते इलेक्ट्रॉनिक यंत्र मात्र घेऊ नका. जहाजाला किंवा जमिनीतल्या पाइपलाइनला विजेने गंज रोखता येतो कारण भोवती पाणी नाहीतर ओली माती असते आणि सर्किट पूर्ण होतं. गाडी हवेत उभी असते, तिथे ते सर्किट होणार कुठून? तेच पैसे खालच्या बाजूला घाला, दर वर्षी थंडीच्या आधी ऑइल स्प्रे मारून घ्या. एक-दोन दिवस तेल ठिबकतं, ठिबकू दे. काळा रबरी थर देणारेही भेटतील, पण त्याला चीर पडली की खारं पाणी आत अडकतं आणि वरून काही दिसतच नाही, म्हणून मला तेलच बरं वाटतं.

काकांचं निम्मं बरोबर आहे, धुणं हवंच. साधं मीठ उणे 9 अंशांच्या खाली फारसं बर्फ वितळवत नाही, मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे रस्ता कोरडा दिसला तरी तुमच्या गाडीच्या पोटाला ओलं मीठ चिकटलेलंच असतं. तापमान शून्याच्या वर गेलं की लगेच टचलेस वॉशमध्ये (ब्रश न लावता नुसत्या पाण्याच्या जोराने धुतात तिथे) न्या आणि अंडरबॉडी, म्हणजे गाडीची खालची बाजू, धुणारा पर्याय नक्की घ्या. ब्रशवाला वॉश टाळा, आधीच्या गाडीची रेती तुमच्या रंगावर घासली जाते. दारांच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना तेही बघत जा. आणि मिठाने माखलेली गाडी हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये तशीच ठेवू नका, बर्फ वितळतं आणि उबेत गंज जास्त जोरात चढतो. टपावरचं बर्फ झाडूने किंवा फावड्याने ओढू नका, फोमचा ब्रश मिळतो तो घ्या. मिठाच्या ट्रकमागे लांब राहा, घाई असली तरी.

प्रश्न: आमचं घर मालवणात समुद्राला लागून आहे, आणि हायवेला खडी उडून बंपरला टवके पडलेत. गॅरेजवाला म्हणतो खालून जळकं ऑइल मारू, मारावं का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: अजिबात नको. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली घाण आणि आम्ल असतं, शिवाय खालचे रबरी बुश फुगून खराब होतात. गंजरोधक म्हणून मिळणारं वॅक्स किंवा तेलच मारायला सांगा, ब्रेकच्या डिस्कवर उडू न देता. टवक्यांचं वर लिहिलंय तसंच करा. तुमच्याकडे खारा वारा बारा महिने, म्हणून साध्या पाण्याने वरचेवर धुवा, आणि पावसाळ्यात चाकांच्या वरच्या कमानीत लाल माती थापली जाते ती पाइप लावून काढा, कारण ती दिवसेंदिवस ओली राहते. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका, आधी वाळू द्या.