शेजाऱ्यालाच फ्लॅट विकला, तर एजंटला दलाली द्यायची का?

प्रश्न : कर्वेनगरमध्ये १९९४ सालच्या सोसायटीत माझ्या एकटीच्या नावावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलीजवळ बाणेरला राहायला जायचं म्हणून तो विकायला काढला. ओळखीतल्या एजंटने ऑफिसमध्ये एका साध्या कागदावर सही घेतली : सहा महिने विक्री फक्त त्यांच्यामार्फत, दलाली दोन टक्के अधिक जीएसटी, आणि ‘सदर मुदतीत अन्य कोणामार्फत विक्री झाल्यास ठरलेली दलाली देणे मालकावर बंधनकारक राहील.’ मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही पार्टीला दाखवायला म्हणून ठेवून घेतलं. चार महिन्यांत पाच पार्ट्या येऊन गेल्या, पण ८४ लाखांच्या वर कोणी गेलं नाही. आता आमच्याच बिल्डिंगमधले शेजारी मुलासाठी ९२ लाखांना घ्यायला तयार आहेत. एजंट म्हणतात, दलाली द्या, नाहीतर कागद मिळणार नाहीत. द्यावी लागेल का? दोन महिने थांबून व्यवहार केला तर? बहिणीचाही सिंहगड रोडचा फ्लॅट विकायचा आहे, तिने एजंट कसा निवडावा?

उत्तर : ताई, आधी कागद परत घ्या. दलालीचा हिशेब त्यानंतर. मूळ करारनामा दुसऱ्याच्या कपाटात असताना कोणत्याही रकमेवर बोलणी करायला बसलात, तर तुम्ही दबावाखाली बोलाल आणि समोरच्यालाही ते ठाऊक असेल.

एजंट जे म्हणतात त्याला कायद्यात थोडा आधार आहे, तो आधी सांगते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २२१ नुसार, उलट काही ठरलेलं नसेल तर एजंटला त्याची येणे रक्कम मिळेपर्यंत मालकाचे कागद अडवून ठेवता येतात. पण त्यासाठी रक्कम मुळात येणे झालेली हवी. त्याच कायद्याचं कलम २१९ म्हणतं की खास करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. तुमच्या कागदातही दलाली विक्रीशी जोडलेली आहे आणि विक्री अजून झालेली नाही. म्हणजे आजच्या तारखेला तुमच्याकडून त्यांना एक रुपयाही येणे नाही, आणि येणे नाही तर कागद अडवण्याचा हक्कही नाही.

म्हणून एक साधं पत्र लिहा. कोणते कागद, कधी आणि कशासाठी दिले ते लिहून सात दिवसांत परत मागा. पत्र पोस्टाने पोच मिळेल असं पाठवा आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. रागाचा शब्द नको, दलालीचा उल्लेखही नको. दाद लागली नाही तर वकिलाची नोटीस, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. विश्वासाने दिलेली वस्तू बळकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा ठरू शकतो, हे नोटिशीत लिहिता येईल; पण सुरुवात पोलीस चौकीपासून करू नका. बहुतेक कागद नोटिशीपाशीच परत येतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. अशा वेळी कोणीतरी सुचवतं की ‘कागद गहाळ झाल्याची तक्रार द्या आणि सोसायटीकडून डुप्लिकेट सर्टिफिकेट काढा.’ हे करू नका. कागद कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे. पोलिसांना लेखी खोटं सांगितलंत तर एजंटच्या हातात तुमच्याविरुद्धचं हत्यार आयतं येईल. नोंदणीकृत करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून सरळ मार्गाने मिळते, इंडेक्स टू ऑनलाइन निघतो. खोळंबा होईल तो मूळ करारनाम्याचा, कारण शेजाऱ्यांनी कर्ज काढलं तर त्यांची बँक तोच मागणार.

आता दलाली. ९२ लाखांवर दोन टक्के म्हणजे १,८४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३३,१२०. एकूण २,१७,१२० रुपये. पुण्यात एक ते दोन टक्के घेण्याची रीत आहे खरी, पण तुमच्यासारख्या जुन्या फ्लॅटच्या विक्रीत दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. ‘सरकारी रेट’ असं काही नसतं. तुम्ही जे लिहून दिलंत तोच दर.

आणि जे लिहून दिलंत ते नीट वाचलं तर त्यात एक मोठी फट आहे. ‘अन्य कोणामार्फत’ विक्री झाल्यास दलाली, असं ते वाक्य म्हणतं. शेजाऱ्यांना तुम्ही स्वतः विकलंत तर ती विक्री कोणाच्याच मार्फत झाली नाही. ‘मालकाने स्वतः विक्री केल्यासही’ असं लिहून घेणं त्यांना शक्य होतं, ते त्यांनी केलं नाही. आणि मजकूर संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याकडे न्यायालयांचा कल असतो. तुमची बाजू इथे चांगली आहे.

पण अगदी निर्धास्तही करणार नाही. त्याच कागदात वर ‘विक्री फक्त त्यांच्यामार्फत’ असं आहे. त्यावरून ते म्हणतील की सहा महिने तुम्ही स्वतःही विकायचं नव्हतं. करार अधिनियमाच्या कलम २०५ प्रमाणे, ठरलेल्या मुदतीची एजन्सी पुरेशा कारणाशिवाय मध्येच मोडली तर नुकसानभरपाई द्यावी लागते. भरपाई म्हणजे पूर्ण दलाली नव्हे, पण शून्यही नव्हे. कागद साधा आहे, त्यावर मुद्रांक नाही, म्हणून तो रद्द असंही समजू नका. शुल्क आणि दंड भरून असा कागद पुराव्यात आणता येतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमच्या पत्रात राहून गेला आहे : शेजाऱ्यांना कळलं कसं? जिन्यात भेट झाली आणि बोलता बोलता विषय निघाला असेल तर प्रश्न नाही. पण गॅलरीत एजंटचा ‘विकणे आहे’ बोर्ड होता, त्यावरच्या नंबरवर शेजाऱ्यांनी किंवा त्यांच्या मुलाने आधी फोन केला, किंमत विचारली, आणि मग ‘ओळखीतच आहेत की’ म्हणून तुमच्याकडे आले, असं असेल तर चित्र पालटतं. १९५० साली सर्वोच्च न्यायालयापुढे कोलकात्याच्या एका मिळकतीचा असाच वाद गेला होता. एजंटने गिऱ्हाईक आणलं, मालकाने त्याचा अधिकार काढून घेतला आणि त्याच गिऱ्हाइकाच्या माणसाला परस्पर विकलं. न्यायालयाने एजंटला कमिशन देवविलं. मला तो निकाल न्याय्य वाटतो. माणूस ज्याने आणला त्याचे पैसे बुडवू नयेत. तेव्हा शेजाऱ्यांना स्पष्ट विचारा, आणि एजंटशी कधीच संपर्क झाला नव्हता असं ते म्हणत असतील तर तेवढं एका ओळीत लिहून घ्या.

तसा संपर्क नसेल तर माझा सल्ला असा : कागद हाती आल्यावर एजन्सी संपवत असल्याचं लेखी कळवा आणि पाच पार्ट्या आणल्या, जाहिरात केली, त्या श्रमापोटी अर्धा टक्का, म्हणजे ४६ हजार रुपये, देऊ करा. दिवाणी दाव्यात दोघांचाही वेळ आणि पैसा याहून जास्त जाईल. ‘पूर्ण व अंतिम, आता काही येणे नाही’ असं लिहून घेऊनच चेक द्या. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्याच्या हिशेबात वजा होते, म्हणून पावती जपून ठेवा. जीएसटी मागत असतील तर त्यांचा नोंदणी क्रमांक असलेलं बिल मागा. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो कर वसूल करता येत नाही.

दोन महिने थांबणंही कायदेशीर आहे, कारण तुमचा कागद फक्त मुदतीतल्या विक्रीबद्दल बोलतो. मागच्या बाजूला ‘मुदतीनंतर अमुक महिन्यांपर्यंत’ अशी ओळ नाही ना, तेवढं पाहा. मात्र थांबायचं तर खरोखर थांबा. आज टोकन घेऊन, विसारपावती करून तिच्यावर पुढची तारीख टाकायची, हे नको. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पा कोर्टात वाचल्या जातात.

तुमच्या बहिणीबद्दल. नव्या प्रकल्पात बिल्डर विकत असलेली सदनिका विकून देणाऱ्या एजंटला रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम ९ खाली नोंदणी सक्तीची आहे. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला ते कलम लागू होत नाही, त्यामुळे तुमची तक्रारही महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) टिकणार नाही. तरीही तिने नोंदणी असलेलाच एजंट पाहावा. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, आणि नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्याहून मोलाचं म्हणजे, त्याच भागात अलीकडे ज्यांचा फ्लॅट त्याने विकून दिला अशा दोन मालकांशी स्वतः बोलणं. सिंहगड रोडवर काम करणारा एजंट तिथल्या फ्लॅटला औंधच्या एजंटपेक्षा जास्त न्याय देईल, ओळख कितीही जुनी असो.

‘मला इतके नेट द्या, वरचे तुमचे’ असं तिने चुकूनही म्हणू नये. पुण्यात हे सर्रास चालतं आणि नुकसान नेहमी मालकाचंच होतं. एजंटने मालकाला अंधारात ठेवून मधल्या मध्ये स्वतःचा फायदा काढला, तर करार अधिनियमाच्या कलम २१६ प्रमाणे तो फायदा मालकाला मागता येतो. पण ‘वरचे तुमचे’ म्हटल्यावर मागायचं तरी काय? शिवाय वरची रक्कम बहुधा रोखीत फिरते, आणि मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. एजंट खरेदीदाराकडूनही दलाली घेणार का, हे सुरुवातीलाच विचारावं. घेणार असेल तर तिच्या टक्क्यात घासाघीस करायला पूर्ण जागा आहे.

मुद्रांक शुल्क (पुण्यात ७ टक्के, खरेदीदार महिला असेल तर ६) आणि नोंदणी फी खरेदीदार भरतो; ते खर्च तिच्या अंगावर कोणी घालू देऊ नये. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही, ते कोणी भरायचं हे मात्र आधी ठरवावं.

एजंटशी करार तीन महिन्यांचाच करावा. त्यात ‘मी स्वतः खरेदीदार शोधल्यास दलाली देय नाही’ हे वाक्य असावं, आणि दलाली टोकनच्या वेळी नव्हे तर अर्धी साठेखत (विक्रीचा करार) नोंदवल्यावर व उरलेली शेवटचा चेक वटल्यावर. मूळ कागद घरातच ठेवावेत, दाखवायला झेरॉक्स पुरते. मूळ प्रती खरेदीदाराच्या वकिलाने तिच्या समोर बसून पाहाव्यात.

तुम्ही मात्र पत्र आजच लिहा. शेजाऱ्यांना सांगा की कागद हातात आल्यावर आणि एजंटचा विषय लेखी मिटल्यावर साठेखताची तारीख ठरवू. ९२ लाखांच्या व्यवहारात त्यांना एक टक्का टीडीएस (तुमच्या रकमेतून आधीच वजा करायचा आयकर) कापून भरावा लागेल, ती तयारीही त्यांनी तोवर करून ठेवावी.