खात्यातून दरमहा अनोळखी नावाने १९९ रुपये जातात, मुलाने गेम घेतला असेल का?

दरमहा १९९ जातात, स्टेटमेंटवरचं नाव ओळखीचं नाही, बँकेत गेलात तर "आमच्या हातात नाही" म्हणाले. हे सगळं ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "बहुतेक मुलानेच केलं असणार, कबूल करत नाही." त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसले.

मँडेटची, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीची, तारीख बघितलीत का? नसेल, तर आधी ती बघा. मुलाची उलटतपासणी नंतर.

आमच्याकडे २०२४ च्या गणपतीत हेच झालं. आई गिरगावात दादाकडे असते, आम्ही भांडुपला. आई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली, पेन्शन तिच्याच खात्यात येते, फोनचं सगळं दादा बघतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याने तिचं पासबुक दीड वर्षाने भरून आणलं. दर महिनाअखेरीला २९९ गेलेले, नाव कुठल्याशा टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेडचं. दुसऱ्या दिवशी आरती झाली, पानं वाढली आणि पंधरा माणसांत दादा माझ्या मुलाला म्हणाला, "काय रे, आजीच्या फोनवर कुठला गेम विकत घेतलास?" मुलगा तेव्हा दहावीत. वहिनीने वर "आजकालची मुलं" जोडलं. तो पानावरून उठला. मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, असेल.

रात्री आईचा फोन घेऊन बसले. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून एक कोपरा असतो, तिथे कोणीही जात नाही. तिथे एकच मँडेट, चालू. सुरुवात २२ मार्च २०२३. मुदत २०५३ पर्यंत, म्हणजे आई १०३ वर्षांची होईपर्यंत. २२ मार्च २०२३ म्हणजे गुढीपाडवा. त्या दिवशी आम्ही तिघेही सावंतवाडीला सासरी होतो, गुढीसमोरचा फोटो आहे. मग आठवलं, पाडव्याला दादाने फोनवर सांगितलं होतं, "आईला पंचांगाचं अ‍ॅप टाकून दिलंय, वर्षफल एक रुपयात." तो एक रुपया भरतानाच पुढच्या २९९ ला मान्यता गेली होती. आठवडाभर चकटफू, मग दरमहा वसुली. आईला पिन टाकता येत नाही, तो दादाच टाकतो. अ‍ॅप आवडलं नाही म्हणून त्याने चार दिवसांनी काढूनही टाकलं होतं. अ‍ॅप काढलं की पैसे थांबतात असं पुष्कळांना वाटतं. थांबत नाहीत. मँडेट वेगळं रद्द करावं लागतं. १८ वेळा २९९, एकूण ५,३८२ रुपये.

आणि नाव ओळखू का येत नाही, तर अ‍ॅपचं नाव एक, कंपनीचं नोंदणीचं नाव दुसरं. कधी कधी मधल्या पेमेंट गेटवेचंच नाव छापलं जातं. तुमचंही तसंच असणार.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायला हवं. आईला दर महिन्याला मेसेज येत होता. इंग्रजीत, न वाचलेल्या तीन हजार मेसेजांच्या ढिगाऱ्यात. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख. बँक "आमच्या हातात नाही" म्हणते ते अशाच वेळी: पिन तुमच्याच घरातून टाकलेला असेल, तर ती फसवणूक धरत नाहीत.

म्हणून भांडण कंपनीशी करायचं. मँडेट ज्या अ‍ॅपवरून दिलं तिथे जाऊन रद्द करा, त्याचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या, कंपनीला लेखी परतावा मागा, नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवून हो म्हणायला लावणाऱ्या युक्त्या, यादीत घातले, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा आहे. मोफतच्या नावाखाली आधीच पैशाचे तपशील घेणं त्यातच येतं. मी तक्रारीत ते लिहिलं, तर शेवटच्या महिन्याचे २९९ परत आले. बाकीचे गेले.

दादा काय म्हणाला? "एक रुपयाचंच तर होतं." माफी नाही. पण मला जास्त लागलं ते आईचं. तिने ती नोंद फार आधी बघितली होती. मधे एकदा शेजारच्या काकूंबरोबर बँकेत जाऊन स्टेटमेंट आणलं होतं, प्रत्येक २९९ पुढे पेन्सिलीने बारीक टिंब केलेलं. मग बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "पोराला लागत असतील, ओरडा कशाला बसू द्यायचा." म्हणजे तिनेही त्यालाच धरलं होतं, फक्त मायेने. परत आलेले २९९ तिने काढून त्याच्या हातात ठेवले. त्याने घेतले नाहीत.

आता उरलेलं, जे मी आधी सांगायला हवं होतं. मँडेटच नसेल आणि पैसे खरोखर परस्पर गेले असतील, तर आमच्यासारखं महिनोन्महिने बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणाच्या चुकीने पैसे गेले आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही येत नाही. ७ दिवस उलटले की बँकेच्या धोरणावर. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. परदेशी साइटला कार्ड दिलं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण बंद करून टाका. आणि प्रत्येक अनोळखी रक्कम सबस्क्रिप्शन नसते: २३६ म्हणजे बहुधा २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, बँकेचंच काहीतरी. वर्षातून एकदा ४३६ किंवा २० गेले तर ते सरकारी विम्याचे.

हो, तुमच्या मुलाने खरंच गेम घेतलेला असूही शकतो. तरी तारीख बघूनच विचारा, आणि पंगतीत नको.

दादा, तू हे वाचणार मला माहीत आहे. २२ मार्चचा स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे.