'चिडली' हे तू पाहिलं नाहीस

प्रिय मुली,

कुत्री आणि तिच्या पिलांच्या निरीक्षणाची तुझी वही वाचली. तीन पानांत सात वेळा 'कुत्री पिलांवर चिडली'. आणि शेवटी प्रश्न : एक मित्र म्हणतो हे हार्मोनमुळे, दुसरा म्हणतो उत्क्रांतीमुळे, मग खरं कुणाचं?

दोघांचंही असू शकतं. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या निको टिनबर्गननं 1963 मध्येच दाखवून दिलंय की 'का' हा एक प्रश्न नसून चार आहेत. शरीरात आत्ता काय घडतंय? वाढता वाढता हे वागणं कसं आलं? त्याचा जगायला, वंश टिकवायला उपयोग काय? पूर्वजांपासून ते कसं घडत आलं? दूध आटणं, पिलांचे दात टोचणं हे पहिल्याचं उत्तर. पुढच्या वेतासाठी ताकद राखणं हे तिसऱ्याचं. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी काय केलं ते लिही! पिलू आचळाला लागलं, कुत्री उठली, चार पावलं लांब गेली, गुरगुरली. किती सेकंद पाजलं? आधी कोण बाजूला झालं, ती की पिलू? एवढंच तू पाहिलंस. 'चिडली' हे तू ठरवलंस.

मी इतकी का ओरडते, सांगते. तुझ्या वयात मी विणीचे दोन हंगाम वेड्या राघूंच्या बिळांसमोर काढले. वह्या भरल्या : 'सावध', 'घाबरला', 'बिनधास्त'. पुढे 2002 मध्ये आपल्या पुण्यातलेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. माणूस उभा आहे तिथून बीळ दिसत असेल तर वेडा राघू आत जायला कचरतो. अंतर तेवढंच, पण बीळ दिसत नसेल तर कमी कचरतो. मी धावत जाऊन वह्या काढल्या. पक्षी तोच, बिळं तशीच. मी कुठे उभी होते, तो किती वेळ थांबला, एका पानावर नाही. दोन हंगाम गेले ते गेलेच.

लोक म्हणतात, बाई कोरड्या आहेत, प्राण्यांना मन नाही असं मानतात. मी असं कधीच म्हटलेलं नाही. त्या कुत्रीला काय वाटतं हे मला तुझ्याइतकंच जाणून घ्यायचंय. पण उत्तर आधीच वहीत लिहून टाकलं, तर शोधायचं काय? यावर मी हट्टी आहे आणि हट्टीच राहणार.

आणखी एक. तू फक्त गडबड झाली की लिहितेस. प्राण्यांचं निरीक्षण कसं करावं यावर लिहिणाऱ्या जीन ऑल्टमननं 1974 मध्ये याच खोडीवर बोट ठेवलं. एक पिलू निवडायचं, दहा मिनिटं फक्त तेच, झोपलं असलं तरी.

रविवारी सहाला टेकडीच्या पायथ्याशी ये. नवी वही आण, घड्याळ आण. काळ्या कानाचं पिलू तुझं, पांढरं माझं. आधी काय केलं, तेवढंच लिहायचं.

तुझी,
बाई